ताटातलं नाव

शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा माझ्या अर्ध्या गालाला साबण होता. तसाच बाहेर आलो, रिसीव्हरला साबण लागू नये म्हणून तो कानापासून जरा लांब धरला आणि 'हॅलो' म्हणालो. पलीकडून एक जाड, नुकताच खाकरून मोकळा केलेला पुरुषी आवाज म्हणाला, "मालिनी जगन्नाथोव्ना?" मी म्हणालो, "राँग नंबर," आणि ठेवून दिला. त्यात खोटं काही नव्हतं. त्या क्षणी मला खरंच तसं वाटलं. पार्सिपनीच्या या घरात मी राहतो, श्रीराम आठल्ये. माझी बायको पद्मिनी राहते, आमची मुलगी विनीता राहते. मालिनी नावाचं इथं कुणी राहत नाही. पुन्हा आरशासमोर आलो, वस्तरा हनुवटीला टेकवला, आणि तेव्हा कुठं हात थांबला. खाली तळघरात कपड्यांचं ड्रायर बंद झालं आणि पायऱ्यांवरून तिचा आवाज आला, "अहो, कुणाचा फोन होता?" मी म्हणालो, "राँग नंबर." हे मात्र खोटं होतं. इतकं झटकन आणि इतक्या साध्या आवाजात बोललो की माझं मलाच नवल वाटलं.

तो फोन कशासाठी यायचा होता ते मला ठाऊक होतं, घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. लेनिनग्राडहून आलेले तिघं इंजिनियर आज रात्रीच्या विमानानं परत जायचे होते, आणि त्यांतला मुख्य, गेन्नादी पाव्लोविच, जाण्याआधी पद्मिनीला फोन करून सांगणार होता की सप्टेंबरात आमच्या कंपनीची माणसं तिकडं यंत्र बसवायला जातील तेव्हा दुभाषी म्हणून तीच हवी; नाहीतर त्यांचा मॉस्कोचा माणूस होताच. माझा साहेब डॉन तिला म्हणाला होता, त्यांना तू हवी असलीस तर कंपनी तुला पाठवेल, सहा आठवडे, सगळा खर्च आमचा. शनिवारी फोन आला तर हो, नाही आला तर नाही. 'जाऊ का?' असं तिनं मला विचारलं होतं, आणि मी मोठ्या मनानं म्हणालो होतो, "जा की, विचारतेस काय." मोठं मन कशामुळे? कारण ते तिला बोलावणार नाहीत अशी माझी खात्री होती. मोठं मन अशा वेळी फुकटात दाखवता येतं. आज आयसेलिनच्या भारतीय दुकानांतून किराणा आणायला जायचा आमचा शनिवार, पण ती सकाळी उठल्याबरोबर म्हणाली की डाळी अजून आहेत, पुढच्या आठवड्यात जाऊ. डाळी नव्हत्या. मी डबा उघडून पाहिला होता.

आणि हे सगळं सुरू कुणी केलं तर मीच. आमची कंपनी जहाजांच्या डिझेल इंजिनांची परीक्षा घेणारी यंत्रं बनवते. इंजिन जोडून झालं की ते आमच्या यंत्राला लावून पळवतात. इंजिन सगळा जोर लावतं, आमचं यंत्र त्याला अडवून धरतं आणि अडवता अडवता त्याची ताकद मोजतं. गेली बारा वर्षं मी हेच अडवून धरण्याचं काम करतो, आणि चांगलं करतो. फेब्रुवारीत डॉनकडे लेनिनग्राडच्या एका कारखान्याचं जाडजूड बाड आलं. आजवर त्यांच्या मोठ्या मासेमारी जहाजांची इंजिनं परदेशातून यायची. आता सरकारनं ठरवलं होतं की सगळी घरीच बनवायची, नवी शेड, नव्या भट्ट्या, आणि त्यासाठी त्यांना आमची यंत्रं हवी होती. बाड रशियनमध्ये. डॉननं मीटिंगमध्ये विचारलं, कुणाला येतं का, आणि मी, एखाद्यानं आपल्या गाडीचं कौतुक सांगावं तसा म्हणालो, "माझ्या बायकोला येतं." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला फार बरं वाटलं. लग्नाआधी ती पुण्यात संध्याकाळच्या वर्गात तीन वर्षं रशियन शिकली होती. तेव्हा पुण्यात ती हवाच होती. रशियन पुस्तकांची गाडी यायची, इंजिनियरिंगची पुस्तकं वडापावच्या भावात मिळायची, मीही त्यांतलीच घेऊन पास झालो. पण मी इंग्रजी भाषांतर वाचलं आणि ती मूळ वाचायची, एवढा फरक. हा फरक मी चौदा वर्षांत कधी लक्षात घेतला नव्हता. तिनं माळ्यावरच्या ट्रंकेतून शब्दकोश काढला, त्याला उन्हात ठेवलं, आणि भांडी आवरून झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसू लागली. 'क्रँकशाफ्ट'ला काय म्हणतात ते तिला मला विचारावं लागे, तोवर माझं ठीक चाललं होतं.

मे महिन्यात ते तिघं आले. ती अंजिरी रंगाची इरकली नेसून, वर माझं जुनं ब्लेझर घालून मीटिंगला आली. छातीवर कंपनीनं दिलेला बिल्ला, पद्मिनी एस. आठल्ये. गेन्नादी पाव्लोविचनं बिल्ला वाचला, मान हलवली, आणि काहीतरी विचारलं. त्यांच्यात माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं उद्धटपणाचं, नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही लागतं, एवढं मला तिनंच गाडीत सांगितलं होतं. 'एस' म्हणजे वडील का, असं तो विचारत असावा. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतो. तिनं एक क्षणसुद्धा घेतला नाही. मान वर करून म्हणाली, "मालिनी. जगन्नाथ." मी वाट पाहिली. म्हटलं, आता दुरुस्त करेल. जीभ घसरली असेल. पण तो माणूस तोंडातल्या तोंडात घोळवून म्हणाला, "मालिनी जगन्नाथोव्ना," आणि ती हसली. ते हसू मला ओळखीचं नव्हतं. माझी बायको हसते तेव्हा तोंडावर हात नेते. ही नेत नव्हती. तिचे वरचे दात एकमेकांवर किंचित चढलेले आहेत, ते त्या परक्या माणसाला माझ्याआधी दिसल्यासारखं मला वाटलं.

दुभाष्याचं एक आहे, तो समोरच्याचा 'मी' स्वतःच्या तोंडानं बोलतो. हे मला माहीत नव्हतं. गेन्नादी पाव्लोविचनं भिंतीवर स्लाइड दाखवल्या, बर्फातली एक लांबलचक शेड, तिच्या दारात टोप्या घातलेली माणसं, आणि तो बोलत असताना ती इंग्रजीत म्हणाली, "या शेडमधलं पहिलं इंजिन माझ्या वडिलांनी जोडलं. मी लहान असताना त्यांचा डबा घेऊन इथं यायचो. ते गेले तेव्हा मी दूर होतो." 'हे म्हणतात' नाही, 'तो म्हणतो' नाही, सरळ 'माय फादर'. आणि तिचा आवाज तिथं जरा बसला. डॉन आणि बाकीचे शेडकडे बघत होते, मी तिच्याकडे बघत होतो. तिचे वडील मिरजेच्या स्टेशनात पार्सल क्लार्क. संध्याकाळी सुटले की तिला सायकलवर मागं बसवून वाचनालयात न्यायचे, आणि पुढं पुण्याला शिकायला ठेवली तेव्हा महिन्यातून एक रविवार नुसते तिचा रशियनचा धडा ऐकायला यायचे; त्यांना कळायचं काही नाही, पण मान डोलवायचे. ते गेले तेव्हा आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं, ती जाऊ शकली नाही. दोन दिवस ती काही बोलली नव्हती, तिसऱ्या दिवशी इडलीचं पीठ भिजवलं. मला वाटलं, सावरली. आता आठ वर्षांनी ती माझ्या ऑफिसात, माझ्या साहेबासमोर, एका रशियन माणसाच्या वडिलांसाठी रडवेली होत होती, आणि मला दया यायच्या ऐवजी राग येत होता. माझ्यासमोर का नाही रडलीस, असा.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फिरताना एक जुनं इंजिन होतं. त्याच्यावर नव्या मालकाची पितळी पाटी चकचकीत बसवलेली. गेन्नादी पाव्लोविच तिच्याकडे न बघता खाली गुडघ्यावर बसला, अंगठ्यानं तेल पुसून ओतीव अंगावरचे जुने आकडे वाचले आणि वर बघून काही म्हणाला. ती पुन्हा हसली, तोंडावर हात न नेता. मी विचारलं, काय म्हणाला? "काही नाही हो, म्हणाला, हे आमच्याच गावचं." यात एवढं हसण्यासारखं काय होतं? मी विचारलं नाही. संध्याकाळी गाडीत मात्र राहवलं नाही. रूट ऐंशीवर ट्रॅफिक तुंबलेला, शेजारी ती, मांडीवर शब्दकोश. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू नाव का बदललंस?"

"मी कुठं बदललं?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा असता तर मी भांडलो असतो. पण ती खरंच आठवून सांगत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांना वडिलांचं नाव लागतं हो. जगन्नाथची मुलगी मालिनी. पद्मिनीचे वडील कोण, ते मला कुठं माहीत आहे?" आणि खिडकीची काच खाली करून बाहेर बघू लागली. पुढची गाडी हलली तरी मी हललो नाही, मागच्यानं हॉर्न मारला.

आता नाव बदलणं म्हणजे मी काही गुन्हा केला होता का? सगळेच करतात. माझ्या बहिणीचं बदललं, तिच्या नणंदेचं बदललं, कुणी मेलं नाही. लग्न लागून वरात घरी आली, आईनं ताटात तांदूळ पसरले, माझ्या बोटातली अंगठी काढून माझ्याच हातात दिली आणि म्हणाली, लिही. काय लिहायचं ते आधीच ठरलं होतं. माझ्या थोरल्या भावाची बायको मालिनी, आणि आई म्हणाली, एका घरात दोन मालिनी कशा चालतील, एक हाक मारली की दोघी येतील. सगळे हसले, तीही हसली असावी, तिचं डोकं खाली होतं. 'पद्मिनी' हे आईनंच सुचवलं. मी नुसती अंगठी फिरवली. 'प' आला, पण पुढचं जोडाक्षर तांदळात काही केल्या उमटेना, दाणे घसरून पुन्हा भरून यायचे, मी तीनदा पुसलं आणि तीनदा लिहिलं. मग कुणीतरी म्हणालं, वाच गं मोठ्यानं. तिनं वाकून ताटात पाहिलं आणि वाचलं, एखाद्या पाहुण्याचं नाव वाचावं तसं. नंतर ते तांदूळ आईनं रात्रीच्या भातात घातले. वर्षभरात मी तिला घेऊन इकडं आलो. मालिनीवहिनी आठ हजार मैलांवर राहिल्या, दोन मालिनी एका घरात येण्याचा प्रश्नच उरला नाही, पण तोवर पासपोर्टवर पद्मिनी होतं. मला ते नाव आवडतं. मी तिला नावानं हाक मारतो, आमच्या वडिलांसारखं 'अगं ऐकलंस का' करत नाही, याचा मला अभिमान होता.

फक्त एक होतं, हाक मारली की ती लगेच वळायची नाही. एक लहानशी फट पडायची. 'पद्मिनी', मग काहीच नाही, मग 'काय?'. सुरुवातीला मी चिडवायचो, कुठं असतं तुझं लक्ष. मग चिडायला लागलो. चार वर्षांपूर्वी तिला मॉरिसटाऊनला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. त्यानं तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, आणि बाहेर येऊन मला म्हणाला, हिचे कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत. ती परतताना गाडीत म्हणाली, "मी सांगत होते ना, मला ऐकू येतं." तेव्हाही मला काही कळलं नाही.

दुपार झाली. ती फोनच्या आसपास कामं शोधत होती. हॉलमधल्या कुंडीतली पिवळी पानं तोडली, फोनखालचं टेबल पुसलं, फोनची वायर ओढून पाहिली, रिसीव्हर उचलून आवाज येतो का ऐकला आणि मी बघतोय हे दिसल्यावर ठेवून दिला. विनीता जेवताना म्हणाली, "आई, जस्ट कॉल द हॉटेल."

"नको गं. बरं दिसत नाही. त्यांना हवं असेल तर करतील."

"हाऊ कम दे कॉल यू मालिनी?"

"ते माझं नाव होतं. आजोबांनी ठेवलेलं."

"देन हू मेड इट पद्मिनी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "लग्नात बदलतात," म्हणाली.

विनीता विचारात पडली. गेल्या वर्षी शेजारच्यांनी घर बदलताना त्यांचा हॅम्स्टर, पिंजऱ्यातला पाळीव उंदीर, तिला दिला होता, त्याचं आधीचं नाव बदलून हिनं नवं ठेवलं होतं. "लाइक द हॅम्स्टर?" तिनं मला विचारलं. खवचटपणा नव्हता, अकरा वर्षांची पोर, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हणालो, जेव मुकाट्यानं. माझा आवाज चढला. पद्मिनीनं माझ्या ताटात न मागता आमटी वाढली.

मग मी दिवाणावर पेपर तोंडावर घेऊन पडलो. सांगून टाकावं, असं मनात येत होतं, खोटं कशाला बोलू. 'अगं, सकाळचा तो फोन, माझ्या लक्षातच आलं नाही,' एवढं म्हटलं की संपलं. ती हॉटेलला फोन लावेल, हसेल, दात दिसतील. आणि सप्टेंबरात ती लेनिनग्राडला उतरेल, तिथं तिला पद्मिनी म्हणणारं कुणी नसेल. सहा आठवडे सकाळपासून रात्रीपर्यंत मालिनी, मालिनी. मला त्या गेन्नादी पाव्लोविचचं काही नव्हतं. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, बायकोसाठी नायलॉनचे मोजे विकत घेणारा साधा माणूस. त्याच्याबद्दल संशय घ्यायला मिळाला असता तर बरं झालं असतं. त्याची कॉलर धरता आली असती. मला मत्सर वाटत होता तो त्या मुलीचा, जी सायकलवर मागं बसून वाचनालयात जायची, पुढं वडिलांना रशियनचा धडा म्हणून दाखवायची आणि जिला मी कधी भेटलोच नाही. मी मांडवातून घरी आणली ती पद्मिनी, आणि जिला आणायला गेलो होतो ती दारातच राहिली. तिची आई आधीच गेलेली, भाऊ ताई म्हणतो, वडील गेल्यावर तिला त्या नावानं हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं. आणि आठ वर्षांनी कोण मारतं, तर बर्फातला एक इंजिनवाला. मी पेपरखाली डोळे मिटून पडलो होतो. बाहेर ऊन कलायला लागलं, ती दोनदा हॉलमध्ये येऊन गेल्याचं मला पावलांवरून कळलं. तिसऱ्यांदा आली नाही. मागच्या दाराची जाळी आपटली. मागं अंगणात तिनं मेथी आणि कोथिंबीर लावलीय. मनाला लागलं की ती तिथं जाऊन गवत उपटत बसते. म्हणजे तिनं फोनची आशा सोडली होती. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची इतकी शरम आली की मी उठून बसलो.

तेवढ्यात फोन वाजला. विनीता मैत्रिणीकडे गेली होती. उचलणारा मी एकटा. पाचव्या घंटेला उचलला. मागं विमानतळाचा गलका, लाउडस्पीकरवर कुणीतरी काहीतरी सांगत होतं, आणि तोच आवाज, आता जरा घाईत, नाण्यांचा खणखणाट मधे येत होता. "मालिनी जगन्नाथोव्ना?" त्यानं मग मोडक्या इंग्रजीत जोडलं, "प्लीज. मॉर्निंग, राँग नंबर. नाऊ, गुड नंबर?" तोंडातून दोन शब्द काढायचे आणि खाली ठेवायचं, सकाळी किती सोपं गेलं होतं. आता तिला बोलावलं तर तो सांगणारच, सकाळी केला होता, कुणा पुरुषानं राँग नंबर म्हणून ठेवला. आणि ती माझ्याकडे बघेल. नाही बोलावलं तर तो विमानात बसेल, ती गवत उपटून आत येईल, कुकर लावेल, आणि पुढची तीस वर्षं मी हाक मारीन तेव्हा ती फट पडत राहील.

"वन मिनिट," मी म्हणालो. रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला, स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी गेलो. ती वाफ्यापाशी माझ्याकडे पाठ करून उकिडवी बसली होती, कोपरापर्यंत माती. जाळीतूनच हाक मारली, "पद्मिनी." ती गवत उपटत राहिली. "पद्मिनी, अगं." एक मूळ निघत नव्हतं, ती दोन्ही हातांनी ओढत होती. मागं टेबलावर रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता, हॅलो, हॅलो. ते नाव मी आजवर फक्त वहिनींसाठी उच्चारलं होतं, आणि तेही पुढं वहिनी लावून.

"मालिनी," मी म्हणालो. फारसं मोठ्यानंही नाही.

"ओ, आले," ती म्हणाली. मधे काहीच नव्हतं, फट नव्हती. 'काय?' नव्हतं. चौदा वर्षांत तिनं मला कधी ओ दिली नव्हती. ती उठली, हात पदराला पुसत, मान वळवून हसली, तोंडावर हात न नेता, आणि जाळीच्या दारात मी उभा होतो. तिनं मला पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागं, घरात पाहिलं, कोण आलंय म्हणून.

"फोन आहे," मी म्हणालो, आणि दारातून बाजूला झालो.